कोडं घालणारा माणूस आणि गटाची वही

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कोणी गोठ्यात असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या.

आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत दर महिन्याला एक हिशेबाचं कोडं घातलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेली 8 वर्षं ते मी घालत आले. एक कोडं तर अजून बायांच्या तोंडी आहे. एका ताईनं गटाकडून 12,000 रुपये कर्ज घेतलं. व्याज महिन्याला शेकडा 1 रुपया. दर महिन्याला ती मुद्दलातले 1,000 रुपये फेडते. तर वर्षाअखेर तिनं एकूण व्याज किती भरलं? पहिल्या झटक्याला सगळ्या म्हणाल्या, महिन्याला 120, म्हणजे वर्षाचे 1,440. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी शेंगदाणे मांडले. त्यांना सहीसुद्धा येत नाही. पण त्यांचं म्हणणं असं, की मुद्दल कमी होत चाललं तर व्याजही उतरलं पाहिजे. पहिल्या महिन्यात 120, दुसऱ्यात 110, तिसऱ्यात 100, असं करत शेवटच्या महिन्यात 10. बेरीज 780. दोन्ही उत्तरांत 660 रुपयांचा फरक. त्या दिवसापासून आमच्या बाया कुठंही कर्ज घेताना आधी विचारतात, व्याज उतरत्या मुद्दलावर आहे का पहिल्या मुद्दलावर?

तर हे कोड्याचं काम मी आता सोडणार आहे. मागच्या बैठकीत तसं सांगितलं, तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "तूच राहा गं, तुझ्यावाचून कोण करणार?" ऐकायला गोड वाटलं. पण घरी येताना मनात आलं, 8 वर्षांनंतरही माझ्यावाचून कोण करणार असा प्रश्न पडत असेल, तर माझंच काही चुकलंय. म्हणून आज मी तुम्हाला लांबच्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्यानंही अशीच कोडी घातली, आणि वेळेवर काम सोडलं. ही गोष्ट मला माझ्या भाचीनं सांगितली. ती पुण्यात संगणक शिकते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणकाला काम सांगायचं म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा. समजा घरात नवी सून आली आणि तिला पुरणपोळी सांगायची आहे. आपण म्हणतो, "डाळ शिजली की गूळ घाल." तिला कळतं, कारण तिनं आईच्या घरी पाहिलेलं असतं. संगणकानं काहीच पाहिलेलं नसतं. डाळ किती, पाणी किती, शिजली हे ओळखायचं कसं, नाही शिजली तर काय करायचं, सगळं पायरीपायरीनं सांगावं लागतं. एक पायरी गाळली की तो तिथंच अडून बसतो. अशा पायऱ्या लिहिण्यासाठी निरनिराळ्या भाषा आहेत. त्यातली एक भाषा रुबी. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती बनवली आणि 1995 साली लोकांपुढं ठेवली.

भाषा नवी असली की ती बोलून बोलूनच जिभेवर बसते. म्हणून अमेरिकेतल्या जेम्स एडवर्ड ग्रे या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं 2004 साली एक उपक्रम सुरू केला. नाव ठेवलं रुबी क्विझ. दर आठवड्याला एक कोडं. ही कल्पना त्यांना दुसरीकडून मिळाली होती. पर्ल नावाच्या आणखी एका भाषेसाठी मार्क जेसन डोमिनस अशीच साप्ताहिक कोडी घालत असत.

कोडी कसली असत? त्यांचं दुसरंच कोडं ऐका. नाताळात तिकडं चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू द्यायची रीत आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी आली त्याला गुपचूप भेट द्यायची. अट एकच, आपल्याच घरातल्या माणसाची चिठ्ठी आपल्याला येता कामा नये. संगणकानं अशा चिठ्ठ्या वाटाव्यात, यासाठी प्रोग्रॅम लिहा. हे आपल्याकडं आणून बघा. संक्रांतीच्या वाणासाठी 12 जणींच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात दोन जावा आहेत, एक सासू-सून आहे. सासूची चिठ्ठी सुनेला जायला नको. करून बघा म्हणजे कळेल. शेवटच्या दोन चिठ्ठ्या उरतात त्या नेमक्या एकाच घरच्या, आणि सगळा डाव पुन्हा मांडावा लागतो. वाटतं सोपं, पण डोकं चालवावं लागतं.

या उपक्रमाचे नियम मला फार आवडले. कोडं जाहीर झालं की पहिले 48 तास कोणी उत्तर सांगायचं नाही. ज्याला लगेच सुचलं त्यानंही गप्प बसायचं, म्हणजे जो सावकाश विचार करतो त्यालाही पुरता वेळ मिळतो. आपल्या बैठकीत काय होतं? पुढं बसलेल्या दोघी-तिघी पटकन बोलतात आणि मागच्या बायांचं डोकं चालायच्या आतच विषय संपतो. त्या आजींचे शेंगदाणे मांडून होईपर्यंत आपण थांबलो, म्हणून तर 780 निघाले.

दुसरं म्हणजे, इथं पहिला नंबर नव्हता, बक्षीस नव्हतं. एकाच कोड्याची दहा जणांची दहा उत्तरं येत. कोणाचं आखूड, कोणाचं लांब पण वाचायला सोपं, कोणाचं चुकलेलं पण कल्पना नामी. ग्रे ती वाचायचे, त्यातली निवडायची, आणि पुढचं कोडं जाहीर होण्याआधी त्यांवर लेख लिहायचे. कोणी काय केलं, कुठं अडलं, दुसऱ्यानं ती अडचण कशी सोडवली, हे सगळं नावानिशी. पुढं पुढं लोकच त्यांना कोडी पाठवू लागले. 2006 साली निवडक कोड्यांचं पुस्तकही निघालं.

आता यातले कष्ट मोजा. कोडं शोधायचं, नीट शब्दांत मांडायचं, आलेलं सगळं वाचायचं, लेख लिहायचा. तेवढ्यात पुढचा आठवडा दारात उभा. घरात कोणी आजारी असो, ऑफिसात काम असो, पाहुणे असोत, कोडं वेळेवर यायला हवं. तीन वर्षांहून जास्त काळ ग्रे यांनी हे केलं. एकूण 156 कोडी. आपल्यातल्या ज्या बायका गटाचं दप्तर सांभाळतात, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. बैठक तासाभराची असते, तिच्या आधीचं आणि नंतरचं काम कोणाला दिसत नाही.

2008 च्या सुरुवातीला ग्रे थांबले. कोड्यांना लोकांचा चांगला प्रतिसाद होता, पुस्तक निघालेलं होतं, नाव झालेलं होतं. त्या वेळी त्यांनी जागा सोडली. मॅथ्यू मॉस नावाचे दुसरे गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी काम हाती घेतलं. मला यातली एक बारीकशी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. मॉस यांनी आपलं पहिलं कोडं घातलं, त्याला नंबर 1 दिला नाही. नंबर दिला 157. कोडं होतं वर्तुळाचं. कागदावर पसरलेले ठिपके सगळेच्या सगळे आत येतील असं लहानात लहान वर्तुळ कसं काढायचं? रांगोळीचे ठिपके डोळ्यांपुढं आणा, म्हणजे कळेल.

156 नंतर 157. माणूस बदलला, पण वही तीच राहिली. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत अध्यक्ष बदलल्या म्हणून आपण नव्यानं 1 घालत नाही, मागच्या बैठकीच्या पुढचाच आकडा टाकतो, तसंच हे. मॉस यांच्यानंतर डॅनियल मूर यांनी कोडी चालवली. पहिल्या माणसानं रीत नेमकी आखून दिली होती. कोडं कधी द्यायचं, किती तास थांबायचं, लेख कसा लिहायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. जुनी कोडी आणि त्यांची उत्तरं जपून ठेवलेली होती. नव्या माणसाला ग्रे यांच्या डोक्यात शिरून काही काढावं लागलं नाही.

सगळीकडं असं होत नाही. गूगल या मोठ्या कंपनीनं 2003 पासून कोड जॅम नावाची प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा भरवली. देशोदेशीची मुलं तिच्यात उतरायची, आपल्याकडचीसुद्धा. 20 वर्षं ती चालली. 2023 साली कंपनीनं ठरवलं की आता बंद, आणि ती बंद झाली. त्यात भाग घेणारे हजारो होते, पण चावी त्यांच्यापैकी कोणाच्या हातात नव्हती. स्पर्धा कंपनीची, निर्णयही कंपनीचा. आपल्या गटांनाही हे लागू पडतं. एखादी संस्था येते, गट बांधते, प्रकल्प संपला की गाडी निघून जाते. ज्या गटांनी आपलं दप्तर आपल्या हातानं लिहायला शिकून घेतलं, ते त्यानंतरही टिकतात.

तिसरी गोष्ट पायथन नावाच्या भाषेची. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या अखेरीस ती लिहायला घेतली. आज जगभरात शाळेतली पोरंसुद्धा ती शिकतात. भाषेत काय बदल करायचा, काय नाही, याचा शेवटचा शब्द गिडो यांचा असे. लोकांनी गमतीनं त्यांना एक पदवी दिली होती, तहहयात प्रेमळ हुकूमशहा. हसू नका. प्रत्येक गावात अशी एक तहहयात अध्यक्ष असते. तिचा जीव गटावर असतो, तिनं गटासाठी खस्ता खाल्लेल्या असतात, आणि म्हणूनच तिला "आता दुसरीला बसू दे" असं म्हणायची कोणाची छाती होत नाही.

2018 च्या जुलैत एका बदलावरून फार वादावादी झाली. गिडो दमून गेले आणि त्यांनी जाहीर केलं की मी या पदावरून बाजूला होतो. वारस नेमणार नाही, पुढं कसं चालवायचं ते तुम्हीच ठरवा. घरातला कर्ता माणूस अचानक उठून माजघरात जाऊन बसावा, तसं झालं. काही महिने सगळी रीतच नव्यानं ठरवावी लागली. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या योजना मांडल्या. एकानं कारभार बघावा, का तिघांनी, का कोणीच नको? डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि ठरलं की 5 जणांची निवडून दिलेली समिती कारभार बघेल. 2019 च्या सुरुवातीला पहिली समिती निवडून आली. त्यात कॅरल विलिंग या बाई होत्या, आणि खुद्द गिडोही पाचातले एक होते. पुढच्या निवडणुकीत मात्र ते उभे राहिले नाहीत.

या समितीचे दोन नियम मी माझ्या वहीत लिहून घेतले आहेत. एक, भाषेची नवी आवृत्ती निघाली की समितीची पुन्हा निवडणूक. दोन, पाचांपैकी एकाच कंपनीत काम करणारे दोघांपेक्षा जास्त नकोत. आपण याला आपल्या बोलीत काय म्हणू? ग्रामसंघाच्या तिन्ही पदांवर एकाच भावकीतल्या किंवा एकाच वस्तीवरच्या बाया नकोत.

तुम्ही म्हणाल, ही सगळी लांबची, संगणकवाल्यांची उदाहरणं झाली. मग आपल्या पुणे जिल्ह्यातलंच घेऊ. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. सुरुवातीला तिथं एक झोपडी होती. कर्वे पुण्यात कॉलेजात शिकवायचे आणि रोज चालत हिंगण्याला जायचे. विधवांना शिकवणं तेव्हा लोकांना खपत नव्हतं. असं काम उभं करणारा माणूस त्याला चिकटून बसला असता, तर कोणी नावं ठेवली नसती.

पण कर्व्यांनी 1908 साली निष्काम कर्म मठ काढला. नाव ऐकून पूजाअर्चा वाटेल, पण ती कार्यकर्ते घडवायची जागा होती. आश्रमाच्या आणि महिला विद्यालयाच्या कामाला आयुष्य वाहून घेणारी माणसं तिथं तयार व्हावीत, हा हेतू. कर्वे तेव्हा 50 वर्षांचे होते. धडधाकट होते, कामाच्या ऐन भरात होते, तेव्हाच त्यांनी आपल्यामागं काम कोण बघणार याची सोय लावायला घेतली. आश्रमात शिकलेल्या बायकांवरच आश्रमाची कामं आली. बाया कर्वे यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले यांचंच बघा. विधवा म्हणून आश्रमात आल्या, तिथं शिकल्या, आश्रमाची व्यवस्था सांभाळली, आणि वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. अमेरिकेलाही जाऊन आल्या.

हिंगण्याचं काम अशा हातांत गेलं, म्हणून कर्वे 1916 साली महिला विद्यापीठ काढायला मोकळे झाले. विद्यापीठ मार्गी लागल्यावर 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नाही तिथं शाळा काढायला मंडळ स्थापन केलं. 104 वर्षं जगले ते. जुनं काम दुसऱ्यांच्या हाती सोपवल्याशिवाय एवढी नवी कामं एका माणसाच्या हातून झाली नसती.

आता आपल्या घरचं बोलते. आमच्या एका गटात एका ताईनं 7 वर्षं वही लिहिली. अक्षर मोत्यासारखं. तिच्या मालकांचं काम बदललं आणि महिन्याभरात ती बिऱ्हाड घेऊन दुसरीकडं गेली. नवी वही लिहिणारी बसली, तर एका सभासद ताईचे 1,000 रुपयांचे दोन हप्ते वहीत सापडेनात. ती म्हणे, मी भरले. वही म्हणे, नाही भरले. जुन्या ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, वहीत चढवायचं राहिलं असेल." चिठ्ठी काही मिळाली नाही. सभासदाच्या पासबुकावर बघावं, तर सगळ्या गटाचीच पासबुकं सहा महिने भरलेली नव्हती. ती दर महिन्याला तपासणं माझं काम होतं, आणि मी ते त्या ताईच्या सुंदर अक्षरावर सोडून दिलं होतं. शेवटी गटानं तिचे 2,000 रुपये मान्य केले. पण चार बायांपुढं आपल्याला खोटं ठरवलं, हे तिच्या मनाला लागलं. ती अजून बैठकीला आलेली नाही.

यात कोणी चोर नव्हतं. वही लिहिणारी प्रामाणिक, भरणारी प्रामाणिक. पण गटाचा व्यवहार एकीच्या डोक्यात आणि पिशवीत होता. ती गेली, तिच्याबरोबर तोही गेला. दशसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला हिशेब लेखन आहे, ते आपण पाठ म्हणतो. पण लेखन म्हणजे दुसरीला वाचता येईल, दुसरीला पुढं चालवता येईल असं लेखन, हे मला त्या 2,000 रुपयांनी शिकवलं.

म्हणून मी काम सोडताना काय केलं ते सांगते. तुमच्या गटात उपयोगी पडलं तर घ्या. पहिलं, गेले सहा महिने कोडं मी एकटीनं घातलं नाही. दोघी सोबत बसल्या. पहिले दोन महिने त्यांनी बघितलं, पुढचे दोन महिने त्यांनी कोडं बनवलं आणि मी तपासलं, शेवटचे दोन महिने सगळं त्यांनी केलं आणि मी मागच्या रांगेत बसून उत्तर शोधलं. एकदा चुकलेसुद्धा, आणि सगळ्या पोट धरून हसल्या. दुसरं, 8 वर्षांची कोडी एका वहीत उतरवून ती ग्रामसंघाच्या कपाटात ठेवली. कुठलं कोडं जमलं, कुठलं कोणाला कळलंच नाही, तेही लिहिलं. तिसरं, कोड्याचे नियम एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिले. कोडं सांगितल्यावर पुढच्या बैठकीपर्यंत उत्तर फोडायचं नाही, पहिला नंबर काढायचा नाही, चुकलेलं उत्तरही वाचून दाखवायचं. चौथं, काम सोडल्यावर मी नव्या दोघींच्या कोड्यात ढवळाढवळ करणार नाही. विचारलं तर सांगेन. माझ्या स्वभावाला हे चौथंच जड जाणार, हे मला माहीत आहे. नवी सून स्वयंपाकघरात शिरली की सासूनं दारात उभं राहून मीठ किती घातलं ते विचारू नये, एवढं तरी मी शिकले पाहिजे.

कोडी बंद पडली तर आभाळ कोसळणार नाही. पण कोडी बनवायला दोघी शिकल्या, तर उद्या वही लिहायलाही दोघी तयार होतील. अध्यक्षपदालाही होतील. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, की वही लिहिणारी ताई उद्यापासून तीन महिने माहेरी गेली, तर हप्ता कोण लिहील? उत्तरात एकीचंही नाव आलं नाही, तर त्याच बैठकीत एकीला तिच्याशेजारी बसवा.

पुढच्या महिन्यापासून कोडं नव्या दोघी घालतील. नंबर त्या मागच्या पानावरूनच पुढं चालवणार आहेत. आणि त्याआधी मी त्या ताईच्या घरी जाऊन येणार आहे. तिचं पासबुक भरून झालंय, दोन्ही हप्त्यांसकट. ते तिच्या हातात द्यायचं राहिलंय, आणि चूक तपासणाऱ्या माझी होती, हे तिला सांगायचं राहिलंय.